क्रिकेट स्मृतिवस्तू

क्रिकेट स्मृतिवस्तू म्हणजे खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यात वापरलेल्या अथवा स्वाक्षरी केलेल्या बॅट, चेंडू, टोप्या, हातमोजे, गणवेश व तत्सम वस्तू होत. त्यांचा संग्रह पूर्वी मुख्यतः ओळखी व भेटींवर चाले. एकविसाव्या शतकात लिलावांतील किमती वाढू लागल्यावर संग्राहकांच्या वृत्तीतही फरक पडला.

किमती

२ एप्रिल २०११ रोजी वानखेडे स्टेडियमवर झालेल्या विश्वचषक अंतिम सामन्यात महेंद्रसिंग धोनीने ज्या बॅटने विजयी षटकार मारला, ती त्याच वर्षी जुलैमध्ये लंडन येथील धर्मादाय लिलावात १ लाख पौंडांना विकली गेली. शेन वॉर्नच्या कसोटी टोपीला जानेवारी २०२० मध्ये १० लाख ७ हजार ५०० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. ही रक्कम वणवाग्रस्तांच्या मदतीसाठी होती. मदतनिधीसाठी लावलेल्या बोलीत दानाचा भाग मिसळलेला असल्याने तिला बाजारभाव मानणे योग्य ठरत नाही. २०२४ मध्ये के. एल. राहुलने भरवलेल्या लिलावात विराट कोहलीच्या जर्सीला आलेली ४० लाख रुपयांची बोलीही याच प्रकारची होती.

अमेरिकेतील बेसबॉलच्या वस्तूंच्या तुलनेत हे आकडे लहानच आहेत. बेब रूथची एक जर्सी २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली होती. पुढे जुन्या छायाचित्रांशी ताडून ती १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमधील तिसऱ्या सामन्यातील असल्याचे ठरले आणि २०२४ मध्ये तिची किंमत २ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली. कापड तेच होते. वाढला तो पुरावा.

संग्राहकांची भूमिका

वाढत्या किमतींमुळे घरोघरी पेटीत पडलेल्या वस्तू उजेडात येतात व नीट जपल्या जातात, असे काही संग्राहक मानतात. इतरांच्या मते त्यामुळे सामान्य संग्राहक व लहान संग्रहालये स्पर्धेबाहेर फेकली जातात, शिवाय बनावट स्वाक्षऱ्यांना उत्तेजन मिळते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. डॉन ब्रॅडमन यांनी १९४७-४८ च्या दौऱ्यात भारतीय संघातील श्रीरंग वासुदेव (रंगा) सोहोनी यांना भेट दिलेली टोपी त्यांच्या कुटुंबाने पाऊणशे वर्षे जपून ठेवली. जानेवारी २०२६ मध्ये ती ४ लाख ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरना विकली गेली. एकाच घरात राहिल्यामुळे तिच्या खरेपणाची साखळी अखंड होती. पुण्यात रोहन पाटे यांनी उभारलेले ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे संग्रहालय (२०१२) मात्र वस्तू लोकांना पाहता याव्यात यासाठी आहे.

भारतातील पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. त्यामुळे भारतीय कसोटी क्रिकेटच्या (आरंभ १९३२) वस्तू अद्याप या संरक्षणाबाहेर आहेत.

गोलंदाजांच्या वस्तू

बाजारातील मूल्य व खेळातील कामगिरी यांचा मेळ नेहमीच बसत नाही. श्रीरामपूर (अहिल्यानगर जिल्हा) येथे १९७८ मध्ये जन्मलेल्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले. शाहिद आफ्रिदीसह तो स्पर्धेत सर्वाधिक बळी घेणारा ठरला. अंतिम सामन्यात त्याची पहिली तीन षटके निर्धाव होती. परंतु बॅट फलंदाजाची स्वतःची असते, तर चेंडू सर्व गोलंदाजांच्या हातून फिरतो. त्या काळच्या नियमानुसार एकदिवसीय सामन्यात ३४ षटकांनंतर चेंडू बदलणे सक्तीचे होते. झहीरने उपुल थरंगाला सातव्या आणि चमारा कपुगेदराला चाळिसाव्या षटकात बाद केले, म्हणजे हे दोन बळी एकाच चेंडूवरचे नव्हेत. बॅटसारखी एकच, निर्विवादपणे त्याची म्हणता येईल अशी वस्तू त्या कामगिरीतून उरतच नाही. धोनीचा षटकार ज्या आसनांवर पडला, ती जागा मात्र मुंबई क्रिकेट असोसिएशनने २०२३ मध्ये स्मारक म्हणून राखून ठेवली.