गोफ्रेदो मामेली कशाने गेला?

इटलीचे फुटबॉलपटू सामन्याआधी बेंबीच्या देठापासून जे राष्ट्रगीत गातात, ते लिहिणारा गोफ्रेदो मामेली वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी गेला. त्याची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: देशभक्त कवी, ऑस्ट्रियाच्या जुलमाविरुद्ध लढला, रणांगणात शत्रूची गोळी लागून धारातीर्थी पडला आणि त्याचं गीत देशाने डोक्यावर घेतलं. यातलं ‘देशभक्त कवी’ तेवढं बिनतोड आहे.

ऑस्ट्रियावरचा राग गीतात आहे, हे खरं. मार्च १८४८ मध्ये मिलान ऑस्ट्रियाविरुद्ध उठलं, तेव्हा जेनोआच्या या आरमारी अधिकाऱ्याच्या मुलाने सुमारे ३०० स्वयंसेवक जमवून तिकडे कूच केलं होतं. पण त्याचा जीव घेणारं युद्ध दुसऱ्याच शत्रूशी झालं. नोव्हेंबर १८४८ मध्ये पोप नववा पायस रोममधून पळाला. ९ फेब्रुवारी १८४९ रोजी तिथे प्रजासत्ताक जाहीर झालं आणि मामेलीने मॅझिनीला निरोप धाडला, की रोममध्ये प्रजासत्ताक आलंय, निघून या. (सावरकरांनी मॅझिनीचं आत्मचरित्र १९०७ मध्ये मराठीत आणलं, तेव्हापासून मॅझिनी आणि गॅरिबाल्डी आपल्याला घरचे वाटतात, त्यांच्यामागे गेलेल्या या पोरांची नावं मात्र इकडे पोहोचली नाहीत.)

पोपला पुन्हा गादीवर बसवायला रोमवर चालून आली ती फ्रान्सची फौज. वर्षभरापूर्वीच राजाला हाकलून प्रजासत्ताक झालेला फ्रान्स! कोणत्याही लोकांच्या स्वातंत्र्याविरुद्ध आपलं सैन्य वापरणार नाही, असं त्यांच्या १८४८च्या राज्यघटनेत लिहिलेलं होतं. लुई नेपोलियनच्या सरकारने ते कलम बासनात गुंडाळलं.

‘गोळी लागून पडला’ हा समज तर मुळातून तपासायला हवा. फ्रेंच सेनापती उदिनो याने सोमवार, ४ जूनपर्यंत हल्ला करणार नाही असं कळवलं होतं. हल्ला झाला रविवारी, ३ जूनला, पहाटेपूर्वी. आपण शहराबद्दल बोललो होतो, बाहेरच्या चौक्यांबद्दल नाही, अशी त्याची पळवाट. जानिकुलम टेकडीजवळची व्हिला कोर्सिनी ही मोक्याची हवेली फ्रेंचांनी घेतली. ती परत मिळवायला गॅरिबाल्डी दिवसभर एकामागून एक तुकडी चढावरून थेट बंदुकांच्या तोंडी पाठवत राहिला. त्याच्या शौर्याची भक्ती बाजूला ठेवून पाहिलं, तर ही हानी टाळता आली असती असंच वाटतं. मामेलीच्याच वयाचा एन्रिको दांदोलो त्या दिवशी मारला गेला. त्याचा सेनानी लुचानो मानारा २४ वर्षांचा होता. तो ३० जूनला पडला.

याच लढाईत मामेलीच्या डाव्या पायाला जखम झाली. सर्वाधिक सांगितली जाणारी हकिगत अशी, की गर्दी-गोंधळात त्याच्याच बाजूच्या एका सैनिकाची संगीन त्याला लागली. जखम किरकोळ वाटली होती. पण जखमा जंतुनाशकाने धुवायची लिस्टरची पद्धत यायला अजून १८ वर्षं होती. पाय सडत गेला, १९ जूनला कापावा लागला, तरी विष पसरतच राहिलं. क्रिस्तिना बेल्जोयोसो या सरदार घराण्यातल्या बाईंनी रोममधल्या जखमींच्या इस्पितळांची व्यवस्था उभी केली होती, शुश्रूषेला बायका नेमल्या होत्या. अशाच एका इस्पितळात ६ जुलैला तो गेला. रणांगण सोडून महिना उलटला होता. तीनच दिवसांपूर्वी फ्रेंच सैन्य शहरात शिरलं होतं, म्हणजे ज्या प्रजासत्ताकासाठी तो आला ते त्याच्याआधीच संपलं.

राहिलं ते ‘देशाने डोक्यावर घेतलेलं’ गीत. त्याची चाल मामेलीची नव्हे, जेनोआच्याच मिकेले नोव्हारोची. १८४७च्या शरदात मामेलीचे शब्द तुरिनमध्ये त्याच्या हाती पडले. पुढे १८६१ मध्ये इटली एक झाला खरा, पण राजाच्या छत्राखाली, आणि राजाला प्रजासत्ताकवाद्याचं गाणं कशाला हवं? सरकारी मान ‘मार्चा रेआले’ या राजेशाही कूचगीताला मिळाला. १९४६ मध्ये जनतेने राजेशाही मोडीत काढल्यावर ऑक्टोबरात मामेलीचं गीत राष्ट्रगीत ठरलं, तेही ‘तात्पुरतं’ म्हणून. हे तात्पुरतेपण ७१ वर्षं चाललं; कायद्याची मोहोर उमटली ती डिसेंबर २०१७ मध्ये.