छातीची फीत आणि कमरेची फीत

पहाटे पाचच्या सुमारास दौंड शहराबाहेरच्या कोणत्याही रस्त्याने जाणाऱ्या माणसाला अंधारातून धावत येणारे तरुणांचे जथे दिसतात. शिरूरकडून न्हावरे, चौफुला या बाजूस येणाऱ्या रस्त्यावरही तेच दृश्य असते. या धावण्यामागे व्यायामाची हौस क्वचितच असते. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, नानवीजला त्याच बलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि शिरूर तर १८१७च्या सुमारासही इंग्रजी फौजेच्या छावणीचे ठाणे होते. वर्दीचे आकर्षण या मातीत नवे नाही. त्यातच वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे झाले, आणि शिरूरच्या कोरडवाहू पट्ट्यात पावसाचा भरवसा कधीच नव्हता. पोलीस शिपायाचा पगार म्हणजे एका घराचा उद्धार, असे समीकरण येथे मनोमन पक्के झाले आहे.

या उद्धाराची वाट एका कापडी फितीवरून जाते. पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर, राखीव बलासाठी १६८. छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर आणखी ५ सेंटिमीटर. मग १६०० मीटरची धाव, राखीव बलासाठी ५ किलोमीटरची. पोटासाठी देह घडवावा लागतो त्याला देहाची चिंता शिकवण्याची गरज नाही, हे खरे. परंतु ही चिंता कोणत्या वळणावर अघोरी होते, हे पाहण्याची गरज मात्र आहे.

अडचण अशी की, जाहिरात निघेपर्यंत अनेक मुले धावतच नाहीत आणि ती निघाली की दोन महिन्यांत दोन वर्षांची कसर भरून काढू पाहतात. कोणी डझनाने कच्ची अंडी गिळतो, कोणी घरात भाजीला पैसे नसताना हजारो रुपयांचा पावडरीचा डबा आणतो. याहून भयंकर प्रकार सुईचा आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ जे मेफेन्टरमिन वापरतात, ते व्यायामशाळांतून ‘दम वाढवणारे’ औषध म्हणून विकले जात असल्याचे पुणे परिसरातील पोलिसी कारवायांतून उघड झालेले आहे. ज्या खात्यात भरती व्हायचे, त्याच खात्याने ज्यासाठी पकडावे असा हा मार्ग! त्याने हृदयाला विनाकारण चाबूक बसतो. २०२४च्या भरतीत ५ किलोमीटर धावताना कोसळून उमेदवाराचा मृत्यू झाल्याची घटना राज्यात घडली. तेथे औषधाचा संबंध होता असे सुचवण्याचे कारण नाही. थकलेले शरीर, उकाडा आणि हट्ट एवढेही जिवावर बेतू शकते.

वस्तुतः पावडरीच्या डब्यावर विसंबण्यासारखी परिस्थिती या दोन तालुक्यांत तरी नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे साठ किलोच्या तरुणाला सुमारे ५० ग्रॅम. दोनशे ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरीतून वीस-बावीस ग्रॅम, साठ ग्रॅम तुरीच्या डाळीतून बारा-तेरा, मूठभर शेंगदाण्यांतून आठ-दहा आणि अर्धा लिटर दुधातून पंधरा-सोळा ग्रॅम मिळतात. बेरीज साठाच्या आसपास जाते. रोज कसून धावणाऱ्याला याहून अधिक लागेल. त्यासाठी दोन अंडी किंवा एक वाटी मटकी वाढवता येते. याच संस्थेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचाच सल्ला दिला आहे. जे दूध येथल्या गोठ्यातून पहाटे डेअरीत जाते, त्याच्या पैशातून संध्याकाळी डबा येतो, हा व्यवहार कोणत्या शहाणपणाचा?

मुलींचे दुखणे उलटे आहे. लग्नाच्या बोलण्यांत ‘अंगाने सडपातळ’ हा शब्द आजही मोलाचा ठरतो आणि आता मोबाइलच्या पडद्यावरच्या आकृत्यांनी त्यात भर घातली आहे. मुलगी एक वेळचे जेवण सोडते आणि त्याला कोणी उपासमार म्हणत नाही. उपास म्हटले की सारे झाकून जाते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५४ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीत शेकडा सुमारे २१ स्त्रिया प्रमाणाहून कृश आणि सुमारे २३ प्रमाणाहून स्थूल निघाल्या. एकाच राज्यात, कित्येकदा एकाच घरात, ही दोन्ही टोके नांदत आहेत. तेव्हा ‘वजन कमी करा’ हा सरसकट उपदेश शेजारच्या खोलीतील दुसऱ्या बाईला अपायकारक ठरतो.

आरसा आणि वजनकाटा किती फसवतात, हे दाखवून देणारे मोठे काम याच जिल्ह्यात झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले, ते सुपरिचित आहे. त्याच रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती आणि त्यांची बाळे यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण ही लहानखुरी बाळे स्नायूंनी जितकी उणी होती तितकी चरबीने उणी नव्हती. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त! पुढे मधुमेहाकडे झुकण्याची बीजे अशा देहात असतात. आणखी एक निष्कर्ष गृहिणींनी ध्यानात ठेवावा असा आहे: बाळाच्या वाढीशी आईच्या आहारातील नुसत्या उष्मांकांचा मेळ दिसला नाही, हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दुधाचे पदार्थ यांचा दिसला.

डॉ. याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत स्वतःचेच छायाचित्र छापले. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढलेला दोघांचा देहभारांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिनांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२. काट्याच्या दृष्टीने दोन्ही माणसे एकच होती. म्हणूनच भारतीयांसाठी देहभारांकाची मर्यादा २५ ऐवजी २३ धरावी आणि कंबर पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे तज्ज्ञ सांगतात.

म्हणजे भरतीच्या मैदानावर छातीभोवती फिरणारी फीत वीतभर खाली घेतली की ती मास्तरांच्या, कारकुनांच्या आणि बढती मिळालेल्या हवालदारांच्या कामाची होते. धावणारा मुलगा भरती झाला तरी आणि न झाला तरी पुष्कळदा धावणे सोडतो, खुराक मात्र सोडत नाही. तालीम सुटलेल्या पैलवानाचे काय होते हे गावोगाव दिसते. दौंडच्या बागायती पट्ट्यात उसाचा रस आणि गूळ हाताशी. त्यात ‘गूळ नैसर्गिक’ म्हणून दोन खडे जास्त घेण्याची सोय. रांजणगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्याची न्याहारी वडापावावर उरकते. यातील कोणताही पदार्थ विष नव्हे. रोज अर्धा तास चालणे आणि ताटात भाकरीइतकीच भाजी घेणे, यासाठी कोणाला साखर वर्ज्य करण्याची शपथ घ्यावी लागत नाही. आणि घेतलेली शपथ बहुधा पहिल्या सणालाच मोडते.

शाळेत हे सारे सहज शिकवता येण्याजोगे आहे. पण दहावीचे वर्ष आले की खेळाचा तास गणिताच्या जादा तासाला दिला जातो, आणि वर्षभर बाकावर बसवलेला मुलगा दोन वर्षांनी १६०० मीटरच्या रेषेवर उभा राहतो. प्रगतिपुस्तकात उंची आणि वजन यांचा एक रकाना असतो. कित्येक ठिकाणी तो गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालून बसल्या जागी भरला जातो. एक फीत, एक काटा आणि एक तास, एवढ्यात अख्खा वर्ग मोजून होतो; कोणता मुलगा वर्षात वाढलाच नाही आणि कोणती मुलगी तीन किलोने उतरली, हे त्या रकान्यात दिसते.