कॉफीची चव कुठून येते?

विद्यार्थी मित्रांनो, कॉफीचे दाणे दळून देणाऱ्या दुकानावरून तुम्ही कधी गेला आहात का? त्या दुकानाचा सुवास रस्त्यापर्यंत येतो. आत पाहिले, तर वेगवेगळ्या डब्यांत दाणे भरून ठेवलेले दिसतात. दिसायला सगळे सारखेच तपकिरी. पण त्यांचे भाव मात्र सारखे नसतात. एका डब्यातले दाणे स्वस्त, तर दुसऱ्यातले त्याच्या दुप्पट महाग! असे का असावे? महाग दाण्यांत वेगळे काय असते? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दुकानातून थेट डोंगरावर जावे लागेल.

त्याआधी कॉफीचा प्रवास थोडक्यात पाहू. कॉफीचे मूळ घर आफ्रिकेतील इथिओपिया देशाच्या डोंगराळ जंगलांत आहे. तेथून ती तांबडा समुद्र ओलांडून येमेनमध्ये आली. अरबी भाषेत या पेयाला 'कहवा' म्हणतात. हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही माहीत आहे. तोच शब्द तुर्की आणि डच भाषांतून फिरत फिरत इंग्रजीत 'कॉफी' झाला आणि मराठीनेही तो स्वीकारला. येमेनमधील मोखा हे बंदर एके काळी कॉफीच्या व्यापारासाठी जगभर प्रसिद्ध होते. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी संतांनी हजहून परतताना कॉफीच्या सात बिया भारतात आणल्या आणि कर्नाटकातील चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, असे परंपरेने सांगितले जाते. तो डोंगर आज बाबाबुडनगिरी या नावाने ओळखला जातो. तेथे आजही कॉफीच्या बागा आहेत.

कॉफीचे झाड सदाहरित असते. त्याला जाईजुईसारखी पांढरी, सुगंधी फुले येतात. नंतर लहान बोराएवढी हिरवी फळे धरतात. पिकली, की ती लालचुटूक होतात. प्रत्येक फळात गोडसर गर असतो आणि त्या गरात दोन बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. या बिया म्हणजेच कॉफीचे दाणे. कधी कधी फळात एकच बी वाढते. तिला शेजारी नसल्यामुळे ती वाटाण्यासारखी गोल होते. असे गोल दाणे निवडून वेगळे विकले जातात.

बाजारात मुख्यतः दोन जातींची कॉफी येते. एक अरेबिका आणि दुसरी रोबस्टा. अरेबिका नाजूक आहे. तिला थंड हवा लागते. 15 ते 25 अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते. भारतात तिच्या बागा साधारणपणे 1000 ते 1500 मीटर उंचीवर असतात. तिची चव सौम्य असते. तीत गोडवा आणि सुवास अधिक असतो. रोबस्टा काटक आहे. 20 ते 30 अंश तापमान आणि 500 ते 1000 मीटर उंची तिला चालते. तिचे पीकही भरपूर येते. तिच्यात कॅफीन हे द्रव्य अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. कॅफीन चवीला कडू असते आणि किडींना दूर ठेवते. त्यामुळे रोबस्टा कडक आणि कडवट लागते. पण तिला कमी लेखू नका. तिच्यामुळे कॉफीला दाटपणा येतो. झटपट तयार होणाऱ्या कॉफीच्या पुडीत रोबस्टा मोठ्या प्रमाणात वापरतात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. डोंगराच्या उंचीचा चवीशी काय संबंध? आपण जसजसे वर जातो, तसतशी हवा थंड होते. दर 1000 मीटरला तापमान सुमारे 6 अंशांनी उतरते. थंड हवेत फळ सावकाश पिकते. त्याला झाडावर जास्त दिवस राहायला मिळते. त्या दिवसांत बियांमध्ये साखर, आम्ले आणि सुवास देणारी द्रव्ये साठत जातात. दाणा आकाराने लहान राहिला, तरी भरीव आणि टणक होतो. उष्ण सपाटीवर मात्र अरेबिकाचे फळ घाईने पिकते आणि दाणा पोचट राहतो. म्हणजे चांगल्या अरेबिका कॉफीची पहिली अट आहे सावकाश पिकणे!

मग उंच डोंगर नसेल, तर उत्तम कॉफी होतच नाही का? तसे नाही. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर कोना नावाचा भाग आहे. तेथील प्रसिद्ध कॉफी 150 ते 900 मीटर एवढ्याच उंचीवर पिकते. ही बेटे विषुववृत्तापासून बरीच उत्तरेला आहेत, म्हणून कमी उंचीवरही हवा सौम्य असते. शिवाय तेथे दुपारी ढग जमतात आणि बागांवर छत्री धरतात. याचा अर्थ असा, की उंची हे साधन आहे. खरी गरज आहे ती थंडाव्याची.

आपल्याकडे ही छत्री झाडे धरतात. भारतातील कॉफी बहुतेक सावलीत वाढते. फणस, पांगारा, सिल्व्हर ओक अशी उंच झाडे बागेत राखलेली असतात. त्यांच्या खोडांवर काळ्या मिरीचे वेल चढवलेले असतात. झाडांची पाने गळून जमिनीला खत मिळते. मुळे माती धरून ठेवतात. पक्ष्यांना घर मिळते आणि शेतकऱ्याला कॉफीबरोबर मिरीचेही उत्पन्न मिळते.

पावसाचीही एक वेळ ठरलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये एक चांगली सर आली, की आठ-दहा दिवसांत सारी बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते. ही सर चुकली, तर फुले नीट उमलत नाहीत. फळे काढताना मात्र पाऊस नको असतो. अवेळी पाऊस आला, तर पिकलेली फळे फुटतात, गळतात आणि वाळत घातलेल्या दाण्यांना बुरशी लागते.

फळे पिकल्यावर माणसांचे काम सुरू होते. एका फांदीवरची सगळी फळे एकाच दिवशी पिकत नाहीत. म्हणून मजुरांना तीच बाग पुनःपुन्हा फिरावी लागते आणि फक्त लाल फळे खुडावी लागतात. हिरवे फळ मिसळले, तर कॉफी तुरट होते. पाच-सहा किलो फळांमधून केवळ एक किलो कच्चे दाणे निघतात. महाग दाण्यांच्या भावात हे कष्टही धरलेले असतात.

दाणे तयार करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत फळांची साल काढतात, उरलेला चिकट गर आंबवून पाण्याने धुतात आणि मग दाणे वाळवतात. अशा कॉफीची चव स्वच्छ आणि किंचित आंबूस असते. हा आंबूसपणा दोष नाही. पिकलेल्या संत्र्यात जसा तो हवाहवासा वाटतो, तसाच कॉफीतही वाटतो. दुसऱ्या पद्धतीत अख्खी फळे उन्हात वाळवतात आणि नंतर टरफले काढतात. या काळात गराचा गोडवा दाण्याला लागतो. जेथे पाणी कमी, तेथे ही पद्धत सोयीची पडते.

आता काही नामवंत दाण्यांची तुलना करून पाहा. इथिओपियातील यिर्गाचेफे भागातील कॉफी सुमारे 1700 ते 2200 मीटर उंचीवर होते. तिला फुलांचा सुवास असतो आणि चवीत लिंबाची आठवण येते. येमेनमध्ये डोंगर पायऱ्यांसारखे कापून शेते केलेली आहेत. तेथे पाऊस थोडा. फळे घरांच्या गच्चीवर वाळवतात. त्या कॉफीत सुक्या मेव्याचा आणि चॉकलेटचा भास होतो. जमैका बेटावरील ब्लू माउंटन कॉफी धुक्याने वेढलेल्या उतारांवर, साधारण 900 ते 1700 मीटर उंचीवर पिकते. ती सौम्य असते, कडवटपणा फार कमी. ती लाकडी पिंपांत भरून परदेशी पाठवतात.

भारताची 'मॉन्सून मलबार' कॉफी या सगळ्यांहून निराळी आहे. पूर्वी शिडाच्या जहाजांतून कॉफी युरोपला पोहोचायला कित्येक महिने लागत. समुद्राच्या दमट हवेने दाणे फुगत, फिकट होत आणि त्यांचा आंबूसपणा जाई. 1869 मध्ये सुएझ कालवा सुरू झाला. वाफेची जहाजे आली आणि प्रवास लवकर संपू लागला. पण युरोपातील लोकांना त्या जुन्या चवीची सवय झाली होती! म्हणून आता पश्चिम किनाऱ्यावरील हवेशीर गोदामांत दाणे पसरतात आणि पावसाळ्याचे दमट वारे त्यांना मुद्दाम लागू देतात. जी गोष्ट प्रवासात आपोआप घडत होती, ती माणसाने अशी जपून ठेवली.

रत्नागिरीचा हापूस आणि नागपूरचे संत्रे यांना जसे गावाचे नाव आहे, तसेच नाव कॉफीलाही मिळते. 2019 मध्ये बाबाबुडनगिरी, चिकमगळूर, कूर्ग आणि अराकू खोरे येथील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा या पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या दाण्यांना ही नावे लावता येत नाहीत. यांतील अराकू खोरे आंध्र प्रदेशात असून तेथे आदिवासी शेतकरी कॉफी पिकवतात. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात, सातपुड्यातील चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत. चिखलदऱ्याची उंची 1000 मीटरहून अधिक आहे, हे कळल्यावर त्याचे कारण तुम्हीच सांगू शकाल.

कच्चा दाणा हिरवट असतो. त्याला कॉफीचा वास नसतो. सुमारे 200 अंशांवर भाजला, की तो तपकिरी होतो आणि सुवास सुटतो. पण भाजणारा कितीही कुशल असला, तरी दाण्यात जे साठलेलेच नाही, ते तो बाहेर काढू शकत नाही. उलट, जास्त भाजले तर डोंगराने दिलेली चव जळून जाते.

हे सारे वैभव किती नाजूक आहे, हे इतिहासाने दाखवले आहे. श्रीलंकेत एके काळी कॉफीचे मोठे मळे होते. 1869 मध्ये तेथे पानांवर नारिंगी तांबेरा दिसला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक मळे उजाड झाले आणि त्यांच्या जागी चहा आला. आज हवामान बदलत आहे. उष्णता वाढली, की अरेबिकाच्या खोडात शिरणारा खोडकिडाही बळावतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 2050 पर्यंत जगातील कॉफीला योग्य असलेली जमीन जवळजवळ निम्मी होईल, असा अंदाज वर्तवला आहे. शेतकऱ्याने आणखी वर सरकावे म्हटले, तर डोंगराला शेवटी माथा असतो. वरती जंगल असेल, तर ते तोडून बाग लावणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो आहोत, तीच तोडणे होय.

म्हणून शास्त्रज्ञ रोगाला आणि उष्णतेला तोंड देणारी नवी वाणे शोधत आहेत. शेतकरीही बागेतील सावलीची झाडे जपत आहेत. भारतातील बहुसंख्य कॉफी बागायतदार छोटे शेतकरी आहेत. एका वर्षी मार्चची सर चुकली, तर त्यांच्या घरातील वर्षभराचा हिशेब चुकतो.

मित्रांनो, कोणत्याही चांगल्या चवीमागे एक जागा असते, एक ऋतू असतो आणि कोणाचे तरी हात असतात. तुमच्या गावची जी भाजी, जे फळ किंवा जे धान्य नावाजलेले असेल, त्याची चव कशामुळे येते, हे तेथील शेतकऱ्यांना विचारा. माती कशी आहे, पाणी किती लागते, पीक किती दिवस शेतात राहते, याची नोंद वहीत करा. त्या नोंदीतून तुमच्या गावाची एक नवी ओळख तुम्हांला होईल.