चिन्ह का बदलते?

'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हे वाक्य समीकरणे शिकताना बहुतेक सर्वांनी पाठ केलेले असते. याच नियमाने एखादा विद्यार्थी ४क्ष = ४०० हे समीकरण असे सोडवतो : ४ पलीकडे नेला, चिन्ह बदलले, म्हणून क्ष = ४०० − ४ = ३९६. आपण त्यावर लाल फुली मारतो. पण त्याने तर सांगितलेला नियमच प्रामाणिकपणे पाळला! मग चूक कुठे झाली?

आठ अधिक चार बरोबर चौकट अधिक पाच, म्हणजे ८ + ४ = □ + ५, हे उदाहरण वर्गात देऊन पाहा. काही मुले चौकटीत १२ लिहितील. त्यांच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा'. खरे तर हे चिन्ह दोन्ही बाजू समान असल्याचे सांगते. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ साली ते आपल्या पुस्तकात वापरले, तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांइतक्या समान दुसऱ्या कोणत्याही दोन गोष्टी नाहीत, असेच कारण त्याने दिले होते.

समीकरण म्हणजे समतोल तराजू. एका पारड्यात जे कराल, तेच दुसऱ्यातही केले तरच दांडी आडवी राहील. समीकरण सोडवण्याचा मूळ नियम एवढाच आहे.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या बाराव्या शतकातील ग्रंथातले एक उदाहरण घेऊ. एकाजवळ ३०० रुपये व ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० रुपयांचे कर्ज आहे. सर्व घोडे सारख्या किमतीचे आहेत आणि दोघांची संपत्ती समान आहे. तर एका घोड्याची किंमत किती? (रुपये हा शब्द आपल्या सोयीसाठी.) ही किंमत क्ष मानू.

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

पायरी १ : दुसऱ्याचे कर्ज फिटावे म्हणून दोघांनाही १०० रुपये देऊ.
६क्ष + ४०० = १०क्ष

पायरी २ : दोघांकडूनही ६ घोडे काढून घेऊ.
४०० = ४क्ष

पायरी ३ : दोन्ही बाजूंना ४ ने भागू.
१०० = क्ष

ताळा : ६०० + ३०० = ९०० आणि १००० − १०० = ९००. दोन्ही बाजू समान आल्या.

आता पहिली पायरी पुन्हा पाहा. डावीकडे १०० वाढले आणि उजवीकडचे '−१००' नाहीसे झाले. जणू ते चिन्ह बदलून पलीकडे गेले! प्रत्यक्षात काहीच इकडून तिकडे गेलेले नाही. दोन्ही बाजूंना सारखी रक्कम मिळाली, इतकेच. दुसऱ्या पायरीत दोन्ही पक्षांतून आपण सारखेच वजा केले. या क्रियेला आपल्या जुन्या गणितात 'समशोधन' असा अर्थपूर्ण शब्द आहे. तिसऱ्या पायरीत ४ हा क्षमध्ये मिळवलेला नव्हता, त्याने क्षला गुणलेले होते. म्हणून तेथे वजाबाकी चालत नाही, भागाकारच करावा लागतो. ३९६ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ताळा करायला लावा. चार घोड्यांचे १५८४ रुपये होतात हे पाहून तो स्वतःच थबकेल.

म्हणून सुरुवातीचे काही तास प्रत्येक ओळीसमोर 'दोन्ही बाजूंना काय केले' हे विद्यार्थ्यांना लिहू द्या. थोडा वेळ जास्त लागेल. पुढे बाजू बदलण्याची युक्ती त्यांची त्यांनाच सापडेल, आणि ती कुठे चालत नाही हेही त्यांना ठाऊक असेल.