टाकी साफ करणारा मासा तळ्यात सोडू नका

आवणी आटपली का? कंबर मोडली असेल, तर आज जरा टेकून बसा आणि ऐका. आज माशांविषयी बोलायचं आहे.

आमच्या पनवेल तालुक्यातल्या एका गटाने यंदा ग्रामपंचायतीकडून गावतळं ठेक्याने घेतलं आहे. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली. गटाच्या बचतीतले पैसे त्यात आहेत. मागच्या मासिक सभेला गटातल्या एक मावशी प्लॅस्टिकची बादली घेऊन आल्या. बादलीत हातभर लांबीचा, काळपट, अंगावर ठिपके असलेला मासा. मावशी नवीन पनवेलला एका घरी कामाला जातात. ते कुटुंब घर बदलून चाललं होतं. काचेची टाकी विकून टाकली आणि हा मासा मावशींना दिला. "ताई, मुका जीव आहे. आपल्या तळ्यात सोडू या. पुण्यही लागेल आणि तळंही साफ राहील," मावशी म्हणाल्या.

ऐकायला किती चांगलं वाटतं! पण तो मासा तळ्यात गेला असता तर गटाचे पैसे पाण्यात गेले असते.

हा सकर मासा. काही ठिकाणी त्याला हेलिकॉप्टर मासा म्हणतात. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं. काचेला तोंड चिकटवून तो शेवाळ खरवडून खातो, म्हणून दुकानदार त्याला 'सफाईवाला मासा' म्हणून विकतात. विकताना तो बोटाएवढा असतो. पण वाढला की दीड फुटापर्यंत जातो आणि दहा वर्षांहून जास्त जगतो. टाकी लहान पडते. मग लोक काय करतात? जवळच्या तळ्यात, नदीत नेऊन सोडतात.

आता तळ्यात गेल्यावर काय होतं, ते बघा.

पहिलं म्हणजे खाणं. आपल्या मृगळसारख्या माशांचं पोट तळाच्या शेवाळावर आणि गाळातल्या खाण्यावर भरतं. सकर तेच खातो आणि दुसऱ्या माशांची अंडीही गिळतो.

दुसरं म्हणजे घर. हा मासा काठाच्या मातीत तीन-चार फूट खोल बिळं करतो. मादी तिथे शेकडो अंडी घालते आणि नर राखण करतो. बिळांमुळे बांध पोखरतो आणि काठ ढासळतो.

तिसरं म्हणजे अंग. त्याच्या अंगावर हाडासारखं कवच असतं आणि पराला काटे असतात. त्यामुळे त्याला खाणारा शत्रू इथे फारसा नाही. तो जाळ्यात सापडला तर जाळं फाटतं, सोडवताना हात रक्ताळतो. मांस थोडं, म्हणून बाजारात कोणी विचारत नाही.

आणि चौथं म्हणजे चिवटपणा. पाणी घाण झालं, हवा कमी झाली की आपले मासे तडफडतात. हा मात्र वर येऊन हवा गिळतो आणि जगतो.

हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. सोलापूर-पुणे जिल्ह्यांच्या सीमेवर भीमा नदीवरचं उजनी धरण आहे. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात हे मासे येऊ लागले आणि जाळी फाटल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या. आंध्रात तर त्याला डेव्हिल फिश, म्हणजे सैतान मासा म्हणतात. 2020 मध्ये वाराणसीला गंगेतही तो सापडला. तो तिथे पोहत गेला नाही, माणसाच्या हातानेच गेला.

खाऱ्या पाण्याच्या टाक्यांतही असंच होतं. शौकीन लोक टाकीत प्रवाळ, म्हणजे पोवळं ठेवतात. त्यात नको ती समुद्रफुलं वाढली की ती खायला लाल पट्ट्यांची छोटी कोळंबी सोडतात. पण भूक लागली की काही कोळंब्या प्रवाळालाच कुरतडतात. तिच्यासारखीच दिसणारी, पाठीला बाक असलेली दुसरी जात तर प्रवाळाचा फडशाच पाडते. प्रवाळ दगड नव्हे, तो जिवंत प्राणी आहे. आपल्या मालवणच्या समुद्रातही तो आहे. 2001 पासून दगडी प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तो समुद्रातून काढणं, विकणं गुन्हा आहे. कोणी आणून द्यायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

मात्र एक फरक आहे. कोळंबीचं नुकसान त्या टाकीपुरतं राहतं. सकर मासा तळ्यात सोडला, तर ते नुकसान सगळ्या गावाचं होतं. आणि आपल्याकडे पावसाळ्यात तळी भरून वाहतात. तळ्यातला मासा ओढ्यात, ओढ्यातला गाढी नदीत जातो. मग वलगणीला चढणारे आपले मासे, मुरी, मरळ, शिंगटी, यांच्या वाटेवर हाच बसलेला असणार.

सभेत एकीने विचारलं, "मग आरोग्य खात्याचे लोक गप्पी मासे सोडतात, ते कसं चालतं?" प्रश्न बरोबर आहे. गप्पीही बाहेरचाच. डासांच्या अळ्या खाण्यासाठी तो साठलेल्या पाण्यात, हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत सोडायचा असतो. आरोग्य सेविका सांगतील तिथेच सोडा. नदी-ओढ्यात आपल्या मनाने सोडू नका.

मग घरी असा मासा असेल तर काय करायचं?

- ज्या दुकानातून आणला तिथे परत द्या, किंवा मोठी टाकी असलेल्या माणसाला द्या.
- गटाच्या तळ्यात बीज सोडताना पिशवीतलं पाणी आणि बोटुकली नीट पाहून घ्या. वेगळा मासा दिसला तर बाजूला काढा.
- जाळ्यात सकर आला तर पाण्यात परत टाकू नका आणि काठावरही टाकून जाऊ नका. तो बाहेर बरेच तास जगतो आणि सरकत पुन्हा पाण्यात जातो. मेल्याची खात्री करून खड्ड्यात पुरा. झाडाला खत होईल.
- फोटो काढून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.
- उन्हाळ्यात पाणी आटलं की काठाची बिळं तपासा आणि बुजवा.

आमच्या मावशी सुरुवातीला नाराज झाल्या. "जीव वाचवायचा तर त्यात पाप कसलं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "मावशी, या एका जिवासाठी तळ्यातले हजार जीव जातील, ते कोणाच्या माथी?" त्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बादली घेऊन पनवेलच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, पण मासा ठेवून घेतला. मासा जगला आणि तळंही वाचलं.

पुढच्या सभेत गटाने ठराव केला: तळ्यात गटाला विचारल्याशिवाय कोणीही, कोणताही मासा सोडायचा नाही. इतिवृत्तात लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली सही मावशींची आहे. तुमच्या गावात तळं असेल, तर असा ठराव तुम्हीही घ्या आणि ग्रामसभेतही मांडा.

येते, मैत्रिणींनो. पुन्हा भेटू.