गाडी चालवतंय कोण? मिसी कमिंग्ज यांची गोष्ट

आजचा प्रश्न ऐकायला सोपा, पण उत्तर अवघड. गाडी स्वतःच चालत होती आणि ठोकली गेली, तर चूक कोणाची? या प्रश्नामागे वर्षानुवर्षं लागलेल्या संशोधक म्हणजे मिसी कमिंग्ज.

गंमत म्हणजे, त्यांची सुरुवात रस्त्यावर नाही, आकाशात झाली. अमेरिकन नौदलाच्या पहिल्या काही महिला फायटर पायलटांपैकी त्या एक. एफ/ए-१८ हॉर्नेट उडवायच्या. नंतर पीएचडी केली, एमआयटी आणि ड्यूक विद्यापीठात शिकवलं. विषय एकच : माणूस आणि मशीन मिळून काम करतात, तेव्हा गडबड कुठे होते?

आता हे नीट समजून घ्या. लेव्हल २ म्हणजे काय, तर स्टिअरिंग आणि ब्रेक गाडी सांभाळते, पण जबाबदारी तुमचीच. इथेच खरी गोची आहे. दहा मिनिटं सगळं छान चाललं की आपण निवांत होतो, हात फोनकडे जातो. आणि नेमकी गरज पडते त्या क्षणी आपण तिथे नसतोच!

२०१६ मध्ये कमिंग्ज यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे स्पष्ट सांगितलं, की या गाड्या सरसकट रस्त्यावर आणायला अजून तयार नाहीत. २०२१ मध्ये रस्ता सुरक्षेचं काम बघणाऱ्या 'नित्सा' या सरकारी संस्थेत त्या सल्लागार झाल्या. लगेच वादळ उठलं. त्या टेस्लाविरोधी आहेत, असं खुद्द इलॉन मस्क म्हणाले. सेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीच्या संचालक मंडळावर त्या होत्या, यावरही बोट ठेवलं गेलं. शेवटी टेस्लाच्या प्रकरणांपासून त्यांना लांब राहावं लागलं.

पण नित्साचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जून २०२१ च्या आदेशानुसार, धडकेच्या आधीच्या ३० सेकंदांत सिस्टीम कधीही चालू असेल, तर ठरलेल्या गंभीर अपघातांची माहिती कंपनीने द्यायचीच. ३० सेकंद का? कारण सिस्टीम शेवटच्या क्षणी बंद झाली, तरी 'आमचं सॉफ्टवेअर चालूच नव्हतं' म्हणून हात झटकता येऊ नयेत!

हा डेटा तपासून कमिंग्ज जे मांडतात, ते मला कोड लिहिणारा म्हणून जास्त टोचतं. ड्रायव्हर काढला म्हणून माणसाची चूक संपत नाही, ती कोडमध्ये जाऊन बसते. समोर काहीच नसताना गाडी करकचून ब्रेक मारते, तो त्यातलाच प्रकार. आणि एका ड्रायव्हरची चूक एकाच गाडीत असते, बग मात्र एकाच वेळी हजारो गाड्यांत असतो.

आपल्याकडेही आता लेव्हल २ ची एडास असलेल्या गाड्या मिळतात. घरात अशी गाडी आली असेल, तर एवढंच करा : मॅन्युअलमध्ये सिस्टीमला काय जमत नाही, ते पान आधी वाचा. आणि हात स्टिअरिंगवरच ठेवा. भेटू पुढच्या भागात!