लहान टेबल, मोकळे हात

श्रोते हो, संगणक आता शहरापुरता राहिलेला नाही. 2024 साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, त्या आपल्या जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत तो शाळेत आहे, ग्रामपंचायतीत आहे, दूध संकलन केंद्रावर आहे, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरही आहे. संगणक आला, पण जागा काही वाढली नाही. खोली तीच, टेबल तेच. त्यावर छपाईयंत्र, रजिस्टरे, फॅट मशीन आणि चहाचा कपसुद्धा! मग काम करणाऱ्याचे हात कोपऱ्यात आखडून बसतात. मनगट दुखते, खांदा भरून येतो. आज आपण या टेबलाचाच विचार करू.

आधी एक साधा हिशेब मांडू. नेहमीचा मोठा कीबोर्ड सुमारे 45 सेंटिमीटर लांब असतो. माऊस फिरवायला निदान 20 सेंटिमीटर जागा हवी. टेबल 60 सेंटिमीटरचे असेल, तर हे दोन्ही त्यावर मावत नाहीत. बरे, अक्षरे डावीकडे, मधे आकड्यांचा चौकोन आणि त्याच्याही पलीकडे माऊस. म्हणजे उजवा हात दिवसभर बाहेर ताणलेला. खांदा दुखतो तो यामुळेच.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, आकड्यांचा चौकोन नसलेला आखूड कीबोर्ड. तो सुमारे 36 सेंटिमीटरचा असतो, काही 32 सेंटिमीटरचेही मिळतात. दुसरा, ट्रॅकबॉल. म्हणजे काय? माऊस उलटा करून त्याची गोळी वर आणली असे समजा. यंत्र जागेवर स्थिर राहते आणि आपण फक्त गोळी फिरवायची. ही कल्पना माऊसच्याही आधीची आहे. राल्फ बेंजामिन यांनी 1946 साली ब्रिटिश नौदलासाठी असे यंत्र योजले. पुढे 1952 च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी जे यंत्र झाले, त्यात चक्क खेळातला बोलिंगचा चेंडू बसवला होता. जहाजावर जागा कमी, तशीच ती आपल्या केंद्रावरही कमी!

आता तुम्ही म्हणाल, मग सर्वांत लहान कीबोर्ड घ्यावा. इथे मात्र मराठी माणसाने थांबून विचार करायला हवा. बाजारात अक्षरांच्या जेमतेम तीस कळांचे, दोन हातांसाठी दोन तुकडे केलेले कीबोर्डही येतात. हाताला ते सुखाचे असतात, पण ते इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांचा हिशेब धरून केलेले. आपल्या लिपीला तेवढ्या कळा कशा पुरणार?

भारतीय लिप्यांसाठी 1986 साली इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी ठरली आणि 1991 साली ती भारतीय मानकात आली. तिच्यात डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. त्यातली ‘ट’ आणि ‘ड’ ही अक्षरे उजव्या करंगळीच्या पलीकडच्या कळांवर आहेत. ‘ठ’ आणि ‘ढ’ त्याच कळांवर, शिफ्ट दाबून. ‘कृषी’, ‘गृहपाठ’ या शब्दांतला ऋकार आकड्यांच्या ओळीच्या टोकाला आहे. तीस कळांत हे सारे जागचे हलते. म्हणून दुकानात गेलात की ‘त’च्या कळेपासून उजवीकडे बोट न्या. ‘च’ आणि ‘ट’ आहेत का पाहा. वरच्या ओळीत ‘ड’ पाहा. आकड्यांची ओळ शाबूत आहे का, तेही पाहा. जे इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात त्यांना ही अडचण नाही.

दूध केंद्रावर किंवा काट्यावर आकडे हाताने घालावे लागत असतील, तर आकड्यांचा सुटा लहान पॅड घ्यावा आणि डावीकडे ठेवावा. डाव्या हाताला आठवडाभरात सवय होते. सवय होईपर्यंत प्रत्येक आकडा पुन्हा वाचावा. फॅट 5.3 च्या जागी 3.5 पडले, तर नुकसान त्या शेतकऱ्याचे होते.

आता मांडणी. कीबोर्डवर दोन कळांना बारीक उंचवटा असतो. इन्स्क्रिप्टमध्ये त्या पहिली वेलांटी आणि ‘र’. या दोहोंचा मध्य आपल्या बेंबीसमोर यावा. ट्रॅकबॉल कीबोर्डला अगदी खेटून ठेवा. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा, म्हणजे मनगट सरळ राहील. कोपर काटकोनात हवे. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्या आणि पाय लोंबू लागले तर खाली लाकडी पाट ठेवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर.

पारनेर-पाथर्डीकडच्या मंडळींना एक सूचना. धुळीने गोळी अडखळू लागते. आठवड्यातून एकदा ती काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि आतले तीन बारीक टेकूही पुसा. तेल मात्र घालू नका.

हे सामान एकदम घेणे परवडत नसेल, तर आहे तोच कीबोर्ड थोडा उजवीकडे सरकवा, म्हणजे अक्षरे समोर येतील. माऊस डावीकडे घ्या. याला एक पैसाही लागत नाही.

आणि रात्री बोटे बधिर होत असतील, मुंग्या येत असतील, तर नुसत्या मांडणीवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. नांगराचा रुमणा हाताला बेताचा नसेल तर शेतकरी तो बदलून घेतो. कीबोर्डही अवजारच आहे. तो हाताजोगा करून घ्यावा, हातांनी त्याच्याजोगे होऊ नये.